इस्त्रीचा रुमाल

ओल्या सुती रुमालावर इस्त्री फिरली की वाफेचा जो वास सुटतो, त्यानं मी अजूनही दार्सैतच्या त्या खोलीत जाऊन उभी राहते. लग्न करून नुकतीच मस्कतला आले होते. ऑफिसला जाताना हे बाहेरून कुलूप लावायचे. "नवीन आहेस, हरवशील."

त्या दुपारी टीव्हीवर अर्जेंटिनाच्या लोकसंगीतावरचा माहितीपट लागला. गिटार, मोठा ढोल, आणि उघड्या माळावर साठी उलटलेली एक बाई हातातला रुमाल हलवत नाचत होती. जोडीदाराच्या इतकी जवळ, पण त्याला स्पर्श नाही. मी ह्यांचा इस्त्रीचा रुमाल उचलला. पलंग आणि कपाटामध्ये तीन पावलांची जागा. तेवढ्यात घामाघूम होईस्तोवर नाचले. कुलपात किल्ली फिरली तशी रुमाल पाठीमागे लपवला.

"काय करत होतीस?"

"काही नाही."

त्या कुलपाचा राग मी वर्षानुवर्षं सांभाळला.

आता आम्ही इथंच मस्कतला मुलाकडे असतो. ह्यांना घराचा रस्ता आठवत नाही. परवा पार हमरियाच्या वस्तीत सापडले. रुमालाच्या कोपऱ्यावर मुलाचा नंबर लिहून मी तो ह्यांच्या खिशात घालते आणि भाजीला जाताना बाहेरून कुलूप लावते. "हरवाल," म्हणते.

काल परत येऊन दार उघडलं, तर हे खोलीच्या मधोमध उभे, धापा टाकत.

"काय करत होतात?"

ह्यांनी हात पाठीमागे नेला.

"काही नाही."