आया बघायला आल्या तो सराव

शुक्रवारी संध्याकाळी मी दुसऱ्या दिवशीचा सराव आखायला बसले. बास्केटबॉलचे सराव मी शेकड्यांनी आखले असतील, पण त्या शनिवारी कोर्टाच्या कडेला मुलींच्या आया बसणार होत्या. संघातल्या सगळ्यात उंच मुलीच्या आईने निरोप पाठवला होता, "सोमवारपासून पोरगी शाळा सुटली की सरळ घरी येईल." ती आमच्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या नार्नूरच्या पलीकडच्या एका छोट्या गावातून येते. त्याच गावच्या आणखी चार मुली तिच्यासोबत चालत येतात आणि चालत जातात. ती थांबली की त्या चौघी थांबणार, आणि पाच मुली गेल्या की माझ्याकडे संघ उरत नव्हता. मीच उलटा निरोप पाठवला, "एकदा येऊन बघा, मग ठरवा." आया येतो म्हणाल्या.

मी या शाळेत खेळाची शिक्षिका आहे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी दहावी ओलांडली नव्हती. बी.पी.एड.ला गेले तेव्हा गावात लोक विचारायचे, "उड्या मारायची बी डिग्री असते काय?" वडील शांतपणे म्हणायचे, "असते." त्यांच्या त्या एका शब्दावर मी शिकले. कॉलेजमधल्या आमच्या सरांनी शिकवलं की मैदानावर जाण्याआधी सराव डोक्यात एकदा पूर्ण खेळून घ्यायचा. कोण कुठे उभं राहील, चेंडू कोणाकडून कोणाकडे जाईल, कोण रिकामं बसेल, सगळं. रिकामी मुलगी दिसली तर आखणी चुकली. आजही सराव आखताना मला सरांचा आवाज ऐकू येतो आणि बरं वाटतं.

चेंडू चार होते, मुली बारा. सिमेंटच्या कोर्टाच्या अर्ध्या भागात गावाने सोयाबीन वाळत घातलं होतं, म्हणजे एकच रिंग हाताशी. मी तीन-तीनच्या टोळ्या केल्या. आधी हळू धावणं, मग बाजूला सरकत जाणं, खांदे आणि घोटे मोकळे करणं. मग डाव्या हाताने ड्रिबल, म्हणजे चेंडू जमिनीवर आपटत नेणं, कारण उजव्याने सगळ्यांनाच येतं. मग छातीपासून पास, टप्पा देऊन पास, आणि धावत येऊन बास्केट. इथवर काही प्रश्न नव्हता.

प्रश्न होता रिबाउंडचा. रिंगवर आपटून परत येणारा चेंडू पकडायला दोघी एकमेकींना पाठीने रेटत उभ्या राहतात. त्यात पायाला पाय लागतोच. आणि आमच्या मुलींचा पाय कोणाला लागला की त्या थांबतात, वाकतात, त्या मुलीला हात लावून तो हात कपाळाला लावतात. घरात, वर्गात, बसमध्ये आपण सगळेच करतो तसं. मंडलाच्या, म्हणजे तालुक्याच्या, सामन्यात आमच्या एका मुलीने चेंडू हातात असताना हे केलं. ती वाकली तेवढ्यात समोरच्या संघाने चेंडू काढून नेला आणि बास्केट केली. सामना आम्ही तिथेच हरलो असं नाही, पण हरायला तिथून सुरुवात झाली.

ही सवय मोडायची मला इच्छा नव्हती. मी स्वतः तशीच वागते. म्हणून मी नियम केला होता, खेळ चालू असेपर्यंत चेंडू आधी, नमस्कार शिट्टी झाल्यावर.

"पाप लागते ना मॅडम," एक जण म्हणाली होती.

"देव शिट्टीपर्यंत थांबतो," मी म्हणाले.

तेव्हा ती उंच मुलगी चेंडू घुमवत म्हणाली, "देव थांबन मॅडम. माही माय नाई थांबत."

सगळ्या खो खो हसल्या, मीही हसले. आता तीच माय येणार होती.

हेडमास्तर सर भले माणूस. त्यांनी मला बोलावून सांगितलं, "उद्या ते ढकलाढकलीचं ठेवू नका. धावणं-बिवणं दाखवा, पास दाखवा. बायका खूश होऊन जातील." मी विचार केला. अर्धा खेळ दाखवून मिळालेली परवानगी पहिल्या सामन्यापर्यंतच टिकली असती. मी रिबाउंड ठेवला, आणि शेवटी नाही, मधोमध ठेवला, सगळ्यांचं लक्ष असतं तेव्हा.

शनिवारी सहा आया आल्या. चिंचेच्या सावलीत बसल्या. मुलींनी अंग मोकळं करायला सुरुवात केली तशी कुजबुज सुरू झाली.

"काऊन वं, हे काय करून राह्यल्या?"

"अंग पिळून राह्यल्या."

"घरी झाडू मार म्हटलं तर हिची कंबर दुखते. इथं पाय पाहा कुठवर चालला!"

ड्रिबल सुरू झालं तशा त्या पुढे सरकून बघू लागल्या. चार चेंडूंचा आवाज एका तालात बसला होता. मग मी दोघी-दोघींना रिंगखाली उभं केलं आणि चेंडू वर मारला.

तिसऱ्या की चौथ्या वेळेला उंच मुलीचा पाय तिच्या जोडीदारणीच्या पायावर पडला. मला दिसला, आयांनाही दिसला. तिची आई उठून उभी राहिली.

"वं, पाय लागला! पाया पड तिच्या!"

मुलीने चेंडू दोन्ही हातांनी डोक्यावर धरला होता. ती तिकडे वळली नाही. एका पायावर फिरली आणि चेंडू रिंगमधून खाली टाकला. मी शिट्टी दिली. मग ती वाकली, जोडीदारणीला हात लावून नमस्कार केला. जोडीदारीण म्हणाली, "राहू दे वं, आधी घाम पूस."

आई कोर्टावरच आली. "तवाच काऊन नाई पडली?"

"चेंडू गेला असता माय."

"गेला असता तर?"

"तर तो तिचा झाला असता. मी कायले देऊ?"

आईने एकदा मुलीकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. मी नियम सांगितला, सामन्यात काय झालं होतं तेही सांगितलं. मागून एक बाई म्हणाली, "नमस्कार तर केला ना पोरीनं. विसरली तर नाई." आईने मान हलवली. मला वाटलं, झालं. पण ती जागेवरून हलली नाही.

"मॅडम, खेळाचं मले काई नाई. खेळू द्या. पण आता दिवस लहान होऊन राह्यला. पाच पोरी अंधारात नाल्यावरून येतात. मी दारात उभी राह्यते तोवर जीव ठिकाणावर नसते. हे तुमाले सकाळी नाई जमत?"

मी चार दिवस रिबाउंडची काळजी केली होती. नाल्याचा विचार माझ्या डोक्यात एकदाही आला नव्हता. पण प्रश्न सरळ होता आणि उत्तर माझ्या हातात होतं.

"जमतं," मी म्हणाले. "सोमवारपासून सकाळी."

"सकाळी गेट कोण उघडन?" कडेला उभं राहून सराव बघणाऱ्या हेडमास्तर सरांनी विचारलं.

"मी उघडीन सर. किल्ली द्या."

त्यांनी तिथल्या तिथे दिली.

रविवारी मी सगळी आखणी नव्याने केली. आमच्या आदिलाबादची थंडी ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. सकाळी चेंडू दगडासारखा लागतो आणि बोटं वळत नाहीत. अशा बोटांनी जोराचा पास धरायला लावला तर एखादं बोट मुरगळणारच. म्हणून पास मी मागे ढकलले आणि धावणं दुपटीने वाढवलं. सोमवारी त्या पाचही जणी आल्या, कानाला रुमाल बांधून, अंगावर आयांच्या शाली घेऊन. आता आम्ही शालींसकटच धावायला सुरुवात करतो. अंग तापून सगळ्या शाली कुंपणावर गेल्याशिवाय मी कोणाच्या हातात चेंडू देत नाही.