मास्तरांचं कुत्र्यापुरतं स्पॅनिश

आमच्या मास्तरांना कुठलीही गोष्ट मधूनच विचारायची सोय नव्हती. गुडघ्याला कुठलं तेल लावता, असं लिफ्टमध्ये विचारलं, तर गुडघा पहिल्यांदा कधी दुखला तिथून ते सुरुवात करत. तेलाचं नाव येईपर्यंत लिफ्ट सातव्या मजल्यावर थांबून तिचं दार पुन्हा मिटायला लागलेलं असे. मग मास्तर पायाने दार अडवून उरलेलं सांगत. चौतीस वर्षं ते बसमध्ये कंडक्टर होते, म्हणून सगळ्यांचे मास्तर. दहिसर चेकनाक्यापासून शेवटच्या स्टॉपपर्यंतचा सगळा रस्ता त्यांना पाठ होता, पण क्रमाने. "मधला स्टॉप मला सुटा येत नाही," ते सांगत. "डेपोतून निघालो की आपोआप येतो."

अशा माणसाला अडुसष्टाव्या वर्षी स्पॅनिश शिकवायचं काम माझ्याकडे आलं. मला स्पॅनिश येत नव्हतं. मी सोसायटीची सेक्रेटरी, आणि पाणीकपातीपासून गच्चीच्या चावीपर्यंत सगळ्या नोटिसा मुद्दे पाडून लिहिते, एवढीच माझी पात्रता. एका रविवारी सकाळी मास्तर कुत्र्याला घेऊन दारात उभे राहिले.

"सेक्रेटरीबाई, तुम्ही बोर्डावर लिहिता ते डोक्यात राहतं. तशी एक यादी करून द्या. स्पॅनिशची."

"मला येत नाही हो स्पॅनिश, मास्तर."

"मला तरी कुठे येतं? म्हणजे भांडण नको."

कारण मात्र गमतीचं नव्हतं. त्यांची मुलगी वृषाली स्पेनमध्ये, व्हॅलेन्सियाला नोकरीला. वहिनी, म्हणजे मास्तरांची बायको, वारल्यापासून दोन वर्षं ती त्यांना तिकडे बोलावत होती. मास्तरांचं म्हणणं एकच, पावशेर येणार असेल तर येतो. पावशेर म्हणजे त्यांचं गावठी, तपकिरी कुत्रं. पिल्लू होतं तेव्हा वजनाने तेवढंच वाटलं म्हणून हे नाव पडलं, आणि आता ते वीस किलोच्या आसपास असूनही बदललं नाही. पावशेरला फिट्स येत. रोज दोन गोळ्या. फिट पाच मिनिटांत थांबली नाही तर लगेच डॉक्टरला फोन. वृषाली सकाळी आठला घर सोडणार, संध्याकाळी सहाला येणार. मधल्या वेळात परक्या गावात मास्तर आणि कुत्रं, दोघंच.

"ती म्हणते, बाबा, मला फोन करा, मी डॉक्टरला करते," मास्तर म्हणाले. "आणि तिची मीटिंग चालू असली तर? मी काय पावशेरला सांगू, जरा दम धर रे, ताई मीटिंगमध्ये आहे?"

फोनमध्ये भाषांतर करणारं ॲप असतं, हे मी सुचवून पाहिलं. "त्या ॲपने कधी कुत्रं पाळलंय?" एवढंच त्यांनी विचारलं. त्यांनी स्वतःच अट घातली होती. डॉक्टरला स्वतःच्या तोंडाने सांगता आलं तर जायचं, नाहीतर तिकीट काढायचं नाही. वृषालीने दिवाळीपर्यंत वाट बघायचं कबूल केलं होतं.

मी कामाला लागले. रोज रात्रीची भांडी झाली की फोनवरचे धडे ऐकायचे आणि वहीत उतरवायचे. शरीर, खाणं, औषध, आजार असे चार विभाग, चार रंगांची पेनं, देवनागरीत उच्चार. स्वच्छ प्रत काढून मास्तरांना दिली. आठ दिवसांनी विचारलं तर त्यांना हिरवा रंग आठवत होता.

"यात टप्पे नाहीत, बाई," ते म्हणाले. "आजार एका पानावर, पोट दुसऱ्या पानावर. माणसाने चढायचं कुठे आणि उतरायचं कुठे?"

शेवटी त्यांनीच मार्ग आखला. डोक्यापाशी चढायचं, शेपटीला उतरायचं. प्रत्येक अवयव हा एक स्टॉप. त्या अवयवाचं जे काही दुखणं, खाणं, औषध असेल ते त्या स्टॉपवर चढवायचं. तोंडापाशी जेवण आणि पाणी, कानापाशी गोचीड, पोटापाशी गोळ्या. मी चार रंगांची वही बाजूला ठेवली आणि नवी यादी केली. मला ते जरा लागलं, पण चूक ती चूक.

मग रोज संध्याकाळी बागेच्या कट्ट्यावर मास्तरांचा हात पावशेरच्या अंगावरून फिरू लागला. "काबेसा, डोकं. ओखोस, डोळे. ओरेखास, कान. बोका, तोंड." पावशेरला वाटे, आपलं अंग चेपून देतायत. 'कोला' म्हणजे शेपटी आली की तो वळून पुन्हा डोकं पुढे करी, आणि मास्तरांची परतीची फेरी सुरू होई. तिसऱ्या मजल्यावरच्या शिंदेबाईंनी एकदा खिडकीतून विचारलंच, "मास्तर, त्या मुक्या जीवाला शिव्या का देताय?"

"शिव्या नाहीत ओ. त्याला कान आहेत, एवढंच सांगतोय."

"ते त्याला माहीत नाही होय?"

"स्पॅनिशमध्ये नव्हतं माहीत."

सगळी यादी न चुकता झाली की मास्तर कट्ट्यावर बोटाने दोनदा टकटक करत. डबल घंटी, म्हणजे गाडी निघाली. चुकले तर एकदाच वाजवून थांबत आणि चूक कोणाची याचा शोध घेत. ती बहुतेक माझीच निघे. "तुम्ही काल हा शब्द दोन नंबरला लिहिला होता," असं ते म्हणत आणि ते खरं असे. मी यादी सुधारून आणली की म्हणत, "तुमच्याकडे याद्यांची पण यादी असेल." होती. मी त्यांना दाखवली नाही.

गणपतीनंतर वृषालीने तिथल्या जनावरांच्या डॉक्टरशी व्हिडिओ कॉल ठरवला. कुत्रं येण्याआधी त्याची सगळी माहिती डॉक्टरला हवी होती. मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या जेवणाच्या टेबलाशी बसले, पावशेर त्यांच्या पायाशी. पडद्यावर एक तरुण डॉक्टरीण आली, हसली, आणि तिने नेमकं विचारलं, कुत्रा औषध कुठलं घेतो?

मास्तरांनी घसा साफ केला. "काबेसा," ते म्हणाले.

मी कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी उभी राहून 'औषध' लिहिलेला कागद हलवला. मास्तर डोळ्यांवर होते. मी कागद आणखी जोरात हलवला. ते माझ्याकडे न बघता मराठीत म्हणाले, "येतोय, येतोय, अजून तोंडापाशी आहे," आणि पुढे निघाले. डॉक्टरीण गडबडली नाही. हनुवटीवर हात ठेवून शेवटपर्यंत ऐकत राहिली, लिहीत राहिली. शेपटीला उतरून मास्तरांनी माझ्या टेबलावर टकटक केली. वृषालीने नंतर कळवलं, की डॉक्टरीण खूश होती. पावशेरचा मागचा एक दात तुटलाय, हे दोन वर्षांत कोणत्याच कागदावर आलं नव्हतं. ते मास्तरांच्या दातांच्या स्टॉपवर चढलेलं होतं.

मास्तर दोन दिवस ताठ चालत होते. मला मात्र झोप लागेना. दात सांगून झाला, पण फिट आली तर? कुत्रं तडफडत असताना हे डोक्यापासून निघाले, तर पोटापर्यंत पोहोचायलाच पाच मिनिटं जातील. मी हे त्यांना स्पष्ट सांगितलं. पावशेरच्या पाठीवरचा त्यांचा हात थांबला.

"मग जाऊ नको म्हणता?"

"तसं नाही. तुमच्याकडे लिमिटेड गाडी नव्हती का? मोजके स्टॉप घेणारी?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "वेगळी पाटी लागते तिला," ते सावकाश म्हणाले. "आणि डेपोतूनच वेगळी सुटते."

ती यादी चार ओळींची होती. माझं कुत्रं. फिट आली आहे. इतकी मिनिटं झाली. या गोळ्या घेतो. मी कधीही, कुठेही पाटी लावायची आणि त्यांनी निघायचं, असं ठरलं. भाजीवाल्यापाशी, वॉचमनच्या टेबलाशी, एकदा तर सोसायटीच्या सभेत पार्किंगवर भांडण चालू असताना मी त्यांच्याकडे बघून म्हटलं, "लिमिटेड." मास्तर खुर्चीतून उठून चार ओळी बोलले आणि बसले. भांडणही तिथेच थांबलं, कारण कोणाला काही कळलं नाही.

दिवाळीनंतर ते गेले. पावशेरचा पिंजरा टेम्पोत चढवताना मास्तर ड्रायव्हरला वळणावर हळू घ्यायला सांगत होते, तेही चेकनाक्यापासूनची सगळी वळणं क्रमाने सांगून. मला म्हणाले, "येतो." यादी शर्टाच्या खिशात होती, प्लॅस्टिकच्या कव्हरमध्ये. आता त्यांच्या घरात भाडेकरू आहेत. बरे आहेत, पण एका वाक्यात उत्तर देतात.

फेब्रुवारीत एका दुपारी तीनच्या सुमारास त्यांचा फोन आला. तिकडे सकाळ होती. "आली होती," ते म्हणाले. मला कळलं, काय ते. वृषाली ऑफिसात, तिचा फोन बंद. पावशेर स्वयंपाकघराच्या फरशीवर आडवा झालेला. त्यांनी घड्याळ बघितलं, फोन केला आणि चारही ओळी बोलले. डॉक्टरीण तिकडून सांगत गेली, ते करत गेले. अर्ध्या तासाने पावशेर उठून पाणी प्यायला. आता तो त्यांच्या पायावर डोकं ठेवून झोपला होता.

"मग ती म्हणाली, ई उस्तेद? म्हणजे, आणि तुम्ही? तेवढं कळलं मला."

"तुम्ही काय सांगितलंत?"

"जे येतं ते. जेवतो, पाणी पितो, गोचीड नाही."

मी हसले. तेही हसले, पण मागाहून.

"खरं काय सांगायचं होतं?" मी विचारलं.

"घाबरलो होतो."

मी त्यांना थांबायला सांगून शोधलं. "तुवे मिएदो," मी वाचून दाखवलं. त्यांनी ते दोनदा म्हटलं, दुसऱ्यांदा जरा हळू.

"हे यादीत का नव्हतं, बाई?"

"तुम्ही कुत्र्याचं मागितलं होतं, मास्तर."

"हं," ते म्हणाले. "मग आता माणसाचं करा."

मी कोरा कागद घेतला, वर 'मास्तर' लिहिलं आणि खाली रेघ ओढली.