मुक्या पट्ट्या

पियानोबाई उन्हाळ्यात स्वतःआधी पियानोला पाणी पाजत. म्हणजे त्याच्या पायांशी भरलेले माठ ठेवत आणि खिडक्यांना ओली पोती बांधत. जळगाव जामोदच्या मे महिन्यात माणसाच्या टाचा भेगाळतात, तिथे लाकडाने काय करावे, असे त्यांचे म्हणणे. कूलरचा झोत पियानोला सोसत नसे, म्हणून घरातला एकुलता एक कूलर स्वयंपाकघराकडे तोंड करून होता. बाई घामाघूम होऊन शिकवत आणि आत फोडणीचा गॅस सारखा विझे.

मुंबईत आणि परदेशात त्यांनी मोठमोठ्या सभागृहांत पियानो वाजवला होता, अनेक वर्षे संगीतशाळेत शिकवले होते. यजमान निवृत्तीनंतर मूळ गावी परतले, त्यांच्या मागोमाग बाई आणि पियानो आले. जुन्या कारकिर्दीबद्दल कोणी विचारलेच, तर त्या "वाजवायचे" एवढेच सांगत. त्यांच्या कार्यक्रमाचे एक जुने भित्तिपत्रक मी पाहिले आहे. ते मांडणीत डब्यांखाली अंथरलेले होते.

पियानो एक आणि शिकणारे अनेक, म्हणून बाईंनी हनीफभाई सुतारांकडून लांब फळ्या करवून घेतल्या आणि त्यांवर काळ्या-पांढऱ्या पट्ट्या रंगवल्या. घरी सराव त्यांवर करायचा. हनीफभाईंची मुलगी शबानाही शिकायला येई. हनीफभाईंनी फळी ठोकून पाहिली.

"बाई, याच्यात आवाज कोठून येईन?"

"तो तुमच्या शबानानं आणायचा."

"मंग मी रंगाचेच पैसे घेतो. आवाजाचं तुमचं तुम्ही पाहा."

मी भूगोलाचा शिक्षक. चाळिशी उलटल्यावर त्यांच्याकडे शिकायला गेलो. माझ्या बोटांनी त्यांचा जो वेळ घेतला, तो एखाद्या लायक मुलीला मिळायला हवा होता, असे मला आजही वाटते. बाई मात्र कधी रागावल्या नाहीत. माझे वाजवून झाले की त्या थोडा वेळ खिडकीबाहेर पाहत आणि म्हणत, "पुन्हा." घरी मी जेवतानाही बोटे हलवी. पत्नी म्हणे, "जेवून घ्या न आधी. ताट काऊन बडवून राह्यले?"

माठ असूनही पियानो सुकत गेला. आतल्या, तारांवर पडणाऱ्या लहान लाकडी हातोड्या एकेक करून तुटू लागल्या. दुरुस्ती करणारे गृहस्थ मुंबईहून रेल्वेने शेगावला उतरत आणि पुढे एसटीने येत. वयोमानामुळे त्यांचे येणे बंद झाले. काही पट्ट्या दाबल्या तरी मुक्याच राहू लागल्या. आम्ही त्या गाळून वाजवू लागलो, तेव्हा बाईंनी हात धरला. "मुकी झाली म्हणून वगळायची नाही. बोट तिथं जायलाच हवं."

त्यांची बोटेही सुजू लागली होती. शस्त्रक्रियेसाठी पुण्याला मुलीकडे जायचे ठरले. त्यानंतर बोटे वळतील, याची खात्री डॉक्टरांनी दिली नव्हती. बाईंना या गावात एकदा, फक्त एकदा, तीन भागांची एक अख्खी रचना वाजवायची होती. कोणी ती शेवटपर्यंत ऐकावी, एवढीच अट होती.

आमच्याकडे अध्यक्षाशिवाय कार्यक्रम होत नाही. माजी नगराध्यक्ष दादाराव अध्यक्ष झाले. बाईंच्या ओसरीवर खुर्च्या मांडल्या, भाषण झाले आणि बाईंनी सुरुवात केली. पहिला भाग संपला. दुसऱ्याआधी त्या क्षणभर थांबल्या, तोच दादाराव शाल-श्रीफळ घेऊन उठले. टाळ्या पडल्या. बाईंनी शाल अंगावर घेतली, नारळ मांडीवर ठेवला आणि म्हणाल्या, "अजून दोन भाग आहेत." दादाराव बसले. बाईंनी मे महिन्यात, खांद्यावर शाल आणि मांडीवर नारळ घेऊन, उरलेली रचना पूर्ण केली.

मुक्या पट्ट्यांवरही त्यांचे बोट प्रत्येक वेळी गेले.

दादाराव आपुलकीने म्हणाले, "चांगलं झालं बाई. पण मधीमधी तुम्ही इसरून राह्यल्या होत्या वाटते?"

बाई काही बोलण्याआधीच मागून शबाना म्हणाली, "इसरल्या नाई, काका. वाजवलं त्यायनं. तुम्हाले आयकू नाई आलं."

बाई मोठ्याने हसल्या. इतक्या वर्षांत त्यांना तसे हसताना मी पहिल्यांदाच पाहिले. नारळ घरंगळून माठावर आपटला. माठ फुटला, तरी त्या हसतच होत्या.

बोटे पुन्हा वळली नाहीत. त्या पुण्याहून परतल्या नाहीत. गेल्या महिन्यात एका संध्याकाळी बाई गेल्याचा त्यांच्या मुलीचा फोन आला. तो ठेवून मी टेबलावर फळी घेतली आणि त्याच रचनेला सुरुवात केली. पत्नीने टीव्ही बंद केला आणि समोर येऊन बसली. दुसरा भाग संपल्यावर मी हात उचलले. ती पदर सावरत उठू लागली.

"अजून एक भाग आहे," मी म्हणालो.

ती पुन्हा बसली.