अण्णांचं काम कोण तपासणार?

सत्यवती सकाळपासून एकच काम पुढे ढकलत होती. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका छोट्या कंपनीत ती सुपरवायझर होती, आणि मालकांनी तिला निक्षून सांगितलं होतं, "दयानंदला आज जाब विचारा, नाहीतर घरी पाठवा. त्याने हात लावलेली लिफ्ट पुन्हा बिघडते. एखाद्या दिवशी माणसांसकट खाली येईल!"

सांगायला काय जातं मालकांचं! दयानंदअण्णा चामराजपेटेत तिच्याच गल्लीतले, तिच्या वडिलांच्या पंगतीला बसलेले. तिला नोकरीला त्यांनीच चिकटवलं. अशा माणसाला जाब विचारायचा? सत्यवतीच्या घरात थोरल्यांना उलट प्रश्न करायची रीतच नाही. बाकीच्या मेकॅनिकांचं काम ती स्वतः मशीन रूममध्ये चढून तपासायची. अण्णांचं तपासणं म्हणजे त्यांचा अपमान! तक्रारी वाढल्या तेव्हा सत्यवतीबाईंनी काय केलं, तर त्यांना कमी मजल्यांच्या इमारती दिल्या. वय झालं, कंटाळा करतात, असं मनाशी म्हणत राहिली, पण विचारलं नाही ते नाहीच.

शेवटी मनाचा हिय्या करून ती त्यांना इंदिरानगरात कॉफीला घेऊन गेली. स्टीलचे वाफाळते पेले आले. सत्यवतीने आपला ओढणीत गुंडाळून धरला. अण्णांनी सरळ मुठीत घेतला आणि ट्रॅफिकला शिव्या घालत बसले.

"अण्णा, चटका नाही बसत?"

अण्णांनी पेला खाली ठेवला. बोटं लालबुंद झाली होती, आणि शेजारी जुने, काळे पडलेले फोड होते.

"शुगर आहे गं," ते हळूच म्हणाले. "बोटांना काही कळत नाही. नट घट्ट बसला का, ते अंदाजानेच. कुणाला सांगू नकोस, सत्या. मला दुसरं काय येतं?"

आळशी म्हणत होते सगळे, आणि तीसुद्धा! "तुम्हाला मी सोडणार नाही, अण्णा. ऑफिसात बसा, नव्या लोकांना शिकवा. मालकांचं मी बघते," ती म्हणाली. म्हणता म्हणता तिच्या लक्षात आलं, आज सकाळीही अण्णांनी कुठेतरी नट अंदाजानेच आवळले असणार.

"आज सकाळी कुठे होतात?"

"पलीकडच्या नर्सिंग होममध्ये. ब्रेक आवळला. तूच दिलंस की, तीनच मजले, हलकं काम म्हणून."

तिने तिथल्या वॉचमनला फोन लावला.

"लिफ्ट? चालू आहे की, अक्का. थांबताना स्वल्प, जराशी, घसरते, पण अण्णा सांगून गेलेत, घाबरू नका म्हणून."

"आत कुणी आहे?"

"बाळंतीण आहे. बाळाला घेऊन आत्ताच घरी निघाली, वरून खाली येतेय."

सत्यवतीने लिफ्ट बंद करा म्हणावं, तर वीज तोडली की सगळा भार अण्णांनी अंदाजाने आवळलेल्या त्याच ब्रेकवर.