फाटकवाल्याबद्दल मी लिहिलेली ओळ

नवं राज्य झालं, रायपूर राजधानी झालं, आणि त्या पहिल्या काही वर्षांत माझ्या ऑफिसात फायली वाढल्या, रुळांवर मालगाड्या. फायली माझं काम होतं, मालगाड्या छंद. वडील रेल्वेत होते. इंजिनांचे नंबर वहीत टिपायची सवय त्यांच्यासोबत लागली ती चाळिशी उलटली तरी सुटली नव्हती. पुढे माझा मावसभाऊ आणि त्याचे तीन मित्रही येऊ लागले. दर रविवारी सकाळी आम्ही पाच जण कॅमेरे आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन कुठल्या तरी लाइनीजवळ उभे असायचो.

कुठे जायचं यावर दर वेळी वाद व्हायचा, म्हणून मी यादी केली. अकरा जागा. प्रत्येक जागेपुढे रकाने: कसं जायचं, ऊन पाठीशी कधी असतं, काय दिसतं, सावली आहे का, शेरा. झेरॉक्स काढून सगळ्यांना दिल्या. त्यातल्या चार जागी उभं राहायची परवानगी नव्हती, हे आम्हा पाचही जणांना माहीत होतं. तसा रकाना मी केला नाही.

अकरावी जागा म्हणजे बीरगावच्या पुढचं फाटक. सिलतऱ्याच्या कारखान्यांचा माल घेऊन जाणाऱ्या गाड्या तिथून अगदी जवळून दिसायच्या. फाटकवाला गोंदियाकडचा, निवृत्तीला चार वर्षं राहिलेला. पहिल्या दिवशी त्यानं आम्हाला हाकललंच होतं, पण आमचं आपसातलं मराठी ऐकून थबकला.

"तुमी कोनत्या गावच्या, ताई?"

"इथल्याच. आजोबा भंडाऱ्याहून आले होते."

"मंग आधी सांगाचं ना. या आत. पन त्या पांढऱ्या दगडाच्या पलीकडं पाय नाही टाकाचा."

तेव्हापासून आम्ही कुंपणाच्या आत, त्याच्या खोलीच्या भिंतीशी उभे राहायचो. स्टेशनातून फोन आला की तो फाटक लावता लावता सांगायचा, "दोन इंजिनाची येऊन राहिली." मी शेऱ्यात लिहिलं: "फाटकवाला आपला माणूस आहे. आत उभं राहू देतो. गाडी कधी येणार ते सांगतो." लिहिताना मला वाटलं, मी त्याचं कौतुकच करतेय.

मावसभावानं ती झेरॉक्स बिलासपूरच्या एका ओळखीच्या माणसाला दिली. तो एका मंगळवारी एकटाच गेला आणि माझा शेरा वाचून दाखवून आत शिरला. फाटकवाला खोलीत फोन घेत होता, तेवढ्यात हा पांढरा दगड ओलांडून दोन रुळांच्या मधे जाऊन उभा राहिला. त्याला समोरून येणारं इंजिन हवं होतं. ड्रायव्हरनं ब्रेक मारले. गाडी थांबली ती त्याच्या जागेच्या बरीच पुढे जाऊन. तो उडी मारून बाजूच्या गिट्टीवर पडला होता, गुडघे खरचटलेले. रेल्वे पोलिसांना त्याच्या बॅगेत माझी यादी सापडली. तो दंड भरून घरी गेला. फाटकवाला निलंबित झाला.

मावसभावाचा फोन आला. "दीदी, कागदावर तुझं नाव थोडीच आहे. चुप बसून रहा."

"अक्षर माझं आहे."

"अक्षर कोण ओळखते? सरकारी नोकरी आहे तुझी. काहून उगीच घुसून राहिली?"

मी चार दिवस गप्प बसले. त्या चार दिवसांत कपाटं लावली, बिलं फाईल केली, जेवणात मीठ विसरले. पाचव्या दिवशी रेल्वे क्वार्टरमध्ये फाटकवाल्याच्या घरी गेले. त्यानं दार उघडलं, पण या म्हणाला नाही.

"मी जाऊन सांगते," मी म्हटलं. "यादी माझी आहे, दर रविवारी आम्हीच येत होतो."

"तेच नोका सांगू," तो म्हणाला. "चौकशीत त्यायनं मले विचारलं, ह्या यादीवाल्या लोकायले ओळखता का. मी नाही म्हनलो. तुमी दर रविवारचं सांगसान तं मी खोटा पडीन. मंग नोकरी बी गेली, पेन्शन बी."

आतून त्याची बायको म्हणाली, "आपला मानूस लिवलं ना तुमी. लिवाच्या आधी इचारलं असतं एकडाव."

मी नाही विचारलं. ऊन कुठून येतं हे दोनदा जाऊन तपासलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून चौकशी अधिकाऱ्याकडे गेले आणि जबाब लिहून दिला: यादी माझी, शेरा मनानं लिहिलेला. फाटकवाल्याशी माझी ओळख नाही. आम्ही बाहेरच्या रस्त्यावरून फोटो काढत होतो. इतरांवर छाप पाडायला मी 'आत उभं राहू देतो' असं लिहिलं.

अधिकाऱ्यानं यादी पुढे ओढली. "बाकी दस जगह की जानकारी सही है?"

"हो."

"टाइम, धूप, छाँव, सब?"

"हो."

"और बस यही एक लाइन झूठ है."

"हो," मी म्हटलं. त्यानं कागद माझ्यापुढे सरकवला आणि सही घेतली. माझ्या ऑफिसला पत्र गेलं, मला लेखी ताकीद मिळाली. ती योग्यच होती, फक्त भलत्या कारणासाठी.

दोन महिन्यांनी फाटकवाला कामावर परत आला, पण फाटकावर नाही. गँगमध्ये टाकला, म्हणजे दिवसभर उन्हात रुळांची गिट्टी ओढायची, छप्पन्नाव्या वर्षी. माझ्या जबाबानं नोकरी वाचली की त्यावरच्या संशयानं फाटक गेलं, हे मला कोणी सांगितलं नाही, आणि विचारायला जाण्याची सोय मीच ठेवली नव्हती. कागदोपत्री आमची ओळख नाही.

त्या दिवाळीच्या आधी सदर बाजारात त्याची बायको दिसली, कापडाच्या दुकानाच्या पायरीवर. मी थांबले. तिनं आधी आजूबाजूला पाहिलं.

"बरे आहेत का?"

"कंबर धरते. रात्री झोप नाही येत." तिनं पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "साडेतीन वर्सं राहिले. चला तुमी, ताई. इथं गँगवाल्यायच्या बायका येतेत बाजाराले."

मी गाड्यांच्या गर्दीतून रस्ता ओलांडला आणि समोरच्या दुकानात शिरले, काही घ्यायचं नसताना.