पडदा मी ओढला होता

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — आणि चेन्नईत वेस्ट मांबलममधल्या आमच्या दोन खोल्यांत काही लपवणं सोपं नाही.

मी नर्स आहे, नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, अठरा वर्षं. हात नीट धुतले नाहीत म्हणून मी नव्या मुलींना रडवलेलं आहे. तोंड फटकळ, पण कामात चूक नाही, असं माझ्याबद्दल बोलतात. बोलोत बापडे.

सुगुणाचं बाळ रक्ताचा कॅन्सर घेऊनच जन्मलं होतं. असं फार क्वचित होतं. नुसतं कुशीवर वळवलं तरी अंगावर निळे डाग उठायचे. जंतूंशी लढायची ताकदच नव्हती. दूध नळीतून. तोंडाला बाहेरचं काही लावायचं नाही, हे मीच तिला तीनदा बजावलं होतं.

सुगुणा आमच्यातली, तंजावरची मराठी. त्या वॉर्डात तिच्या भाषेत बोलणारी मी एकटीच. बाराव्या दिवशी दुपारी तिने गाऊनच्या आतून सासूने दिलेली सोन्याची अंगठी आणि मधाची इवलीशी बाटली काढली.

"अक्का, नाव ठेवायचं. एकच थेंब."

आमच्यात सगळ्या बाळांना असाच अंगठीने मध चाटवतात. मलाही चाटवला होता. वाटलं, हे बाळ काही जगणार नाही, निदान नाव घेऊन जाऊ दे. दया होती ती? की आपल्या माणसांत मोठेपणा हवा होता? — दोन्ही असेल. मी पडदा ओढला. "लवकर कर," म्हटलं.

दोन दिवसांनी ताप चढला. जंतू रक्तात गेले होते. डॉक्टरांनी सासूसमोरच विचारलं, बाहेरचं काही दिलं का? सुगुणाने मधाचं सांगितलं — आणि माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणाले, "मी हिला बजावलं होतं. माझ्या नकळत दिला असेल."

इतकं सहज बोलले मी. सुगुणाने नजर बाळाकडे वळवली. जिने अंगठी दिली ती सासूच सुनेला बोल लावत सुटली. मी सलाईन तपासत उभी होते.

बाळ त्यानंतर तिसऱ्या दिवशी गेलं.

निघताना सुगुणाने माझे हात धरले. "तुम्ही सांगितलेलं ऐकायला हवं होतं, अक्का," म्हणाली. टोमणा नव्हता तो. तिला ते खरंच वाटू लागलं होतं.

मी म्हणाले, "हो."