आट्यांची लेन्स

वहिनींचा फोन आला तेव्हा मी नुकताच कचेरीत येऊन टेकलो होतो. "भावजी, जरा घरी येता का?" एवढं त्या म्हणाल्या आणि मी पुढचं ऐकून न घेताच सांगून टाकलं, की माझा गुडघा धरलाय, या रविवारी मला जमायचं नाही, मधूला म्हणावं तुझं स्टँड तूच उचल. त्या म्हणाल्या, "ते गेले, भावजी." रात्रपाळी करून मधू घरी आला, चहा घेतला, पडतो जरा म्हणाला आणि उठलाच नाही. मी कचेरीतून त्याच्या घरापर्यंत कसा गेलो ते मला आठवत नाही. गुडघा मात्र दुखत होता हे आठवतं, आणि त्याचा रागही आला होता.

त्याला आता दोन महिने होत आले. येणारा प्रत्येक जण मला सांगतो की तुमचा मित्र मोठा फोटोग्राफर होता. मी मान हलवतो, कारण वाद घालायचं त्राण राहिलेलं नाही. मधू मोठा फोटोग्राफर नव्हता. तळोज्याच्या एका रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत नोकरी करणारा, पनवेलचा एक हौशी माणूस होता. रविवारी सकाळी कॅमेरा गळ्यात अडकवून निघायचा आणि जाताना मला घरातून उचलायचा. फोटोतलं मला ओ की ठो कळत नाही. त्याच्या सगळ्या सामानात कॅमेऱ्याचं तीन पायांचं स्टँड सर्वांत जड, ते उचलायला कुणीतरी हवं आणि मी शाळेपासूनचा मित्र, एवढीच माझी पात्रता. आमच्या बाकावर तिसरा होता युसूफ. तो फिटरचं काम शिकला आणि सौदीला गेला. तिथल्या कुठल्याशा कारखान्यात पाइप जोडायचा आणि दोन वर्षांनी एकदा सुट्टीवर यायचा. या तिघांतली एक गोष्ट मला सांगायची आहे. आजवर सांगता येत नव्हती, आता येते.

मधूनं पहिला कॅमेरा घेतला तो सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीच्या सुमारास. काळा, देखणा, जपानी. त्यावर जी साधी लेन्स येते ती होतीच. पण मधूला कर्नाळ्याचे पक्षी टिपायचे होते आणि त्या लेन्समधून पक्षी म्हणजे झाडावरचा ठिपका दिसायचा. लांबची लेन्स हवी, हे ठरलं. कुठली, हे ठरेना. इथून पुढं जे सुरू झालं त्यानं मी आणि वहिनी दोघंही टेकीला आलो. फोर्टातल्या दुकानांतून तो माहितीपत्रकं आणायचा आणि जेवणाच्या ताटाशेजारी पसरून बसायचा. झूम घ्यावी तर जवळचं-लांबचं एकीत होतं, पण आत काचा फार, उजेड कमी. एकाच मापाची घ्यावी तर चित्र खणखणीत, पण पक्षी जवळ आला की आपणच मागे सरायचं. त्यानं पुठ्ठ्याला लहान-मोठे चौकोन कापले होते, एकेका लेन्सला एकेक. ते डोळ्यांसमोर धरून वडाळे तळ्याच्या काठावर उभा राहायचा आणि मला विचारायचा, "बघ, दोनशे मिलिमीटरात एवढंच दिसेल. बास आहे का?" मी म्हणायचो बास आहे. की लगेच दुसरा चौकोन काढायचा. घरच्यांना मुलगी पसंत करायलाही इतके दिवस लागले नव्हते, असं वहिनी म्हणायच्या. आणि या काळात फोटो किती काढले? जवळजवळ नाहीच. एक फिल्म तर गणपतीत कॅमेऱ्यात घातलेली, होळीला बाहेर निघाली.

युसूफ पहिल्यांदा सौदीला निघाला तेव्हा त्याला सोडायला आम्ही दोघं एसटी स्टँडवर गेलो होतो. त्याची आई रडत होती, काका सामान मोजत होते. युसूफनं मधूला विचारलं, "तुला काय आणू? तिकडे कॅमेऱ्याचं सामान स्वस्त असतं म्हणतात." मधूच्या चेहऱ्यावर मी तेव्हा जी घालमेल पाहिली ती त्याच्या लग्नातही पाहिली नव्हती. गाडी सुटायला आली, कंडक्टर ओरडायला लागला, तेव्हा कुठं हा खिडकीखाली धावत म्हणाला, "दोनशेची आण. साधी. झूम नको." युसूफनं हात हलवला आणि गाडी गेली. इतक्या दिवसांत काचा मोजून झाल्या, वजन झालं, चौकोन कापून झाले, आणि कॅमेरा कुठल्या कंपनीचा आहे, हे नवशिकासुद्धा पहिल्यांदा सांगतो ते हा सांगायला विसरला. तेव्हा ते आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नाही.

दोन वर्षांनी युसूफ आला तो विमानतळावरून घरी जाऊन आईला भेटून थेट मधूकडे. बॅगेतल्या टॉवेलातून त्यानं ती लेन्स काढली आणि दोन्ही हातांनी मधूपुढे धरली. पैशाचं नाव काढू दिलं नाही. माझी पहिली कमाई आहे, त्यातली एक वस्तू तुझी, असं म्हणाला. वहिनी आनंदल्या, शेजारचे बघायला आले. मधूनं कॅमेरा आणला, लेन्स लावायला गेला... आणि थांबला. मी बाजूलाच होतो, म्हणून मला दिसलं. त्याच्या कॅमेऱ्याला लेन्स खाचेत बसवून खटकन फिरवायची सोय होती. या लेन्सच्या मागे बाटलीच्या झाकणासारखे आटे होते. ती त्या कॅमेऱ्याला जन्मात बसणार नव्हती. मधूनं तिला झाकण लावलं, मांडीवर ठेवली आणि म्हणाला, "फर्स्ट क्लास आहे रे. आत अर्धी फिल्म आहे, ती संपली की लावतो." हे धादांत खोटं होतं, फिल्मचा आणि लेन्सचा काही संबंध नसतो. पण युसूफला ते कुठून कळणार? त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते मोडायची माझीही हिंमत झाली नाही.

त्यानंतर मधूनं जे केलं त्याला माझ्याकडे आजही नाव नाही. मुंबईत चार-पाच खेपा घालून त्यानं एक जुना रशियन कॅमेरा शोधून आणला, कारण त्याला आटे होते. वजनाला पाटा, आतलं उजेड मोजायचं यंत्र मेलेलं, शटरचा आवाज असा की बगळे आवाजानंच उडावेत. नाकापेक्षा मोती जड, असं मी त्याला तोंडावर म्हणालो. सांगून टाक की युसूफला, तो काय परका आहे? मधू म्हणाला, "त्यानं दोन वर्षं उन्हात पाइप जोडले आणि पहिल्या पैशातून ती आणली. चुकीची आणलीस असं मी त्याला सांगू?" मला ते पटलं नाही. मित्राशी खोटं बोलण्यापेक्षा मित्राची चूक सांगणं बरं, असं मला तेव्हा वाटायचं.

मग दर रविवारी तो रशियन दगड, ती लेन्स आणि माझ्या खांद्यावर स्टँड. कामोठ्याकडे तेव्हा नव्या वसाहतीचे सेक्टर झाले नव्हते, खाडीवर बगळे उतरायचे. नेऱ्याच्या पुढं डोंगराखालच्या वाडीपर्यंत आम्ही चालत गेलोय. तिथं एकदा वीटभट्टीवरून परतणाऱ्या एका म्हातारीवर मधूनं दुरून लेन्स रोखली. ती थांबली आणि म्हणाली, "लांबशी कशाला काढतोस? आमी काय खातो तुला?" मधू ओशाळला, पण फोटो काढलाच. उजेडाचा अंदाज तो स्वतःचा तळहात उन्हात धरून घ्यायचा. सुरुवातीला फिल्मच्या फिल्म काळ्या नाही तर पांढऱ्या निघायच्या. हळूहळू त्याचा अंदाज बसला. त्या म्हातारीचा फोटो फार चांगला आला, हसता हसता रागावलेली. आणि एक गोष्ट मला दिसत होती, पण मी तिच्याकडे नीट पाहिलं नाही. ते पुठ्ठ्याचे चौकोन पुन्हा कधी बाहेर आले नाहीत. माहितीपत्रकं वहिनींनी रद्दीत घातली तरी तो काही बोलला नाही. मला वाटलं, बिचाऱ्यानं हाय खाल्ली.

युसूफ दर सुट्टीला यायचा आणि पहिला प्रश्न तोच, लेन्स कशी आहे. मधू त्याच्यासमोर फोटो पसरायचा. युसूफ खूश होऊन पुढच्या खेपेला त्याच लेन्सला लागणारं आणखी काहीतरी आणायचा. उन्हापासून वाचवायचं टोपण आणलं, पिवळी-नारिंगी काच आणली, अंतर दुप्पट करणारी नळी आणली, तीही आट्यांचीच. आपल्या वस्तूची इतकी कदर करणारा मित्र त्याला दुसरा नव्हता. मला मात्र दरवेळी तिथून उठून जावंसं वाटायचं. इतकी वर्षं एखाद्याचं खोटं सांभाळायचं म्हणजे स्टँडपेक्षा ते ओझं जास्त होतं. मधू असताना निदान ते दोघांचं होतं. तो गेल्यावर बाराव्या-तेराव्याच्या धामधुमीतही माझ्या मनात हेच यायचं, की आता युसूफ येईल आणि विचारेल.

तो परवा आला. वहिनींनी मला निरोप पाठवला होता म्हणून मीही गेलो. युसूफचे केस पार पांढरे झालेत. पाणीसुद्धा घेतलं नाही त्यानं. मग खालच्या आवाजात म्हणाला, "भाभी, एक मागू? ती लेन्स मला द्याल? मधूची निशाणी म्हणून." त्याच्या मुलाला आता फोटोचा नाद लागला होता. युसूफनं मुद्दाम मधूच्या काळ्या कॅमेऱ्याच्याच कंपनीचा कॅमेरा त्याला घ्यायला लावला होता, म्हणजे मधूची लेन्स त्याला बसेल. तो कॅमेरा त्यानं सोबत आणला होता. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी कारण काढायला हवं होतं, इतकी वर्षं काढत आलो तसं. पण मी थकलो होतो. वहिनी उठल्या, रशियन कॅमेऱ्यावरून त्यांनी लेन्स फिरवून काढली आणि युसूफच्या हातात दिली.

त्यानं ती मुलाच्या कॅमेऱ्याला लावून पाहिली. पुन्हा पाहिली. मग उलटी करून मागचे आटे अंगठ्यानं चाचपले. उभा जन्म त्याचा पाइपाला पाइप जोडण्यात गेलाय, त्याला काय सांगायचं? "मधूचा तो पहिला, काळा कॅमेरा आहे का घरात?" त्यानं विचारलं. वहिनींनी तोही आणून दिला. त्यानं लेन्स त्याच्या तोंडाशी नेली आणि लावायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. खाली ठेवली. मग त्यानं माझ्याकडे वळून विचारलं, "तुला माहीत होतं?" मी हो म्हणालो. तो वहिनींकडे वळला.

"अहो भाभी, दुकान तिकडे आमच्या कामगार-कॅम्पाच्या समोरच होतं. पावती होती माझ्याकडे. नुसता एक शब्द बोलला असता, तर पुढच्या खेपेला बदलून आणली असती मी."

त्याचा आवाज फाटला होता. इतकी वर्षं आपल्याला लहान मुलासारखं खेळवलं, असंच त्याला वाटत असणार, आणि त्याच्या जागी मलाही तेच वाटलं असतं. मधूचा मला त्या क्षणी संताप आला. गेलेल्या माणसाशी भांडता येत नाही, याची चीड आली.

"म्हणूनच नाही बोलले ते," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही म्हणाला असतात, बदलून कुठली आणू? की हे परत निवडत बसले असते." त्या पदराशी चाळा करत होत्या. "तुम्ही ती दिलीत त्या रात्री मला म्हणाले, सुटलो एकदाचा. आता निवडायचं नाही, नुसते फोटो काढायचे. इतकं शांत झोपलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, युसूफभाई."

मला हे नवं होतं. मी समजत होतो तो युसूफचं मन राखतोय. ते राखतच होता, त्यात खोटं काही नाही. पण माझ्याशी वाद घालताना त्यानं अर्धंच सांगितलं होतं, आणि उरलेलं अर्धं फक्त बायकोला. मी इतकी वर्षं त्याची कीव करत स्टँड उचलत होतो, आणि तो मजेत होता.

युसूफनं लेन्स पुन्हा हातात घेतली. रशियन कॅमेरा जवळ ओढला आणि तिचे आटे जुळवून सावकाश फिरवत नेले, अगदी शेवटपर्यंत, फिटर पाइप बसवतो तसे. हलवून पाहिलं. जराही ढिली नव्हती. "म्हणजे बरोबर आणली असती," तो म्हणाला, "तर यानं एक फोटो काढला नसता." वहिनी हसल्या आणि मधू गेल्यापासून पहिल्यांदाच मोकळ्या रडल्या. युसूफनं कॅमेरा लेन्ससकट कपाटात ठेवला, आपल्या हातानं दार लावलं, आणि पाणी मागितलं.